डिस्क आली नाही, तर कॉम्प्युटरने किती वेळ थांबायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि त्या मानाने नवा प्रोसेसर लागतो. सोलापुरातल्या छापखान्यांत, लग्नाचे अल्बम करणाऱ्या स्टुडिओंत, कर सल्लागारांच्या ऑफिसांत आणि पूर्व भागातल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत अजून धडधाकट चालणारी मशिनं यामुळे एकाएकी 'जुनी' ठरली. बऱ्याच जणांनी ती फेकून न देता त्यांवर लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकून घेतलं. निर्णय शहाणपणाचाच आहे. मात्र त्यानंतर एक प्रश्न वारंवार कानावर येतो: "कॉम्प्युटर चालू केला की दीड मिनिट नुसताच थांबतो. कधी पुढे जातो, कधी काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी लिहून बसतो. हार्ड डिस्क गेली का?"

बहुतेक वेळा डिस्क गेलेली नसते. चालू होताना अमुक डिस्क जोडायचीच, असं कोणीतरी मशीनला सांगून ठेवलेलं असतं आणि ती डिस्क वेळेवर हजर नसते. कधी ती यूएसबीची असते आणि घरी राहिलेली असते, कधी फॉरमॅट केल्याने तिची ओळख बदललेली असते, तर कधी लाइट गेल्यावर तिचा वेगळा अ‍ॅडॉप्टर बंदच राहिलेला असतो. मशीन तिची वाट पाहतं, एवढंच.

(आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लहान अक्षरांत टाइप करा. स्पेलिंग चुकण्याजोगं असेल तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.)

आधी स्क्रीनवरची ओळ वाचा

चालू होताना नुसता लोगो दिसत असेल, तर एस्केप कळ दाबा. लोगोमागच्या ओळी दिसू लागतील. अडकलेल्या ठिकाणी 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर...' अशी ओळ असेल आणि तिच्या शेवटी कंसात वेळ पुढे सरकत असेल. मोबाइलवर त्या ओळीचा फोटो काढा. दुरुस्तीवाल्याला फोनवर "मशीन हँग झालंय" असं सांगून काहीच कळत नाही, या फोटोवरून मात्र निम्मं निदान होतं.

कंसात दोन वेळा असतात. पहिली आतापर्यंत गेलेली, दुसरी मर्यादेची.

- मर्यादा १ मिनिट ३० सेकंद असेल, तर मशीन बहुधा कुठल्यातरी डिस्कची वाट पाहत आहे. ही ९० सेकंदांची मर्यादा सिस्टिमडीची मूळची आहे. आजच्या उबंटू, मिंट, डेबियन, फेडोरा या सगळ्यांत मशीन चालू करण्याचं काम सिस्टिमडीकडेच असतं.
- मर्यादेच्या जागी 'नो लिमिट' असेल आणि ओळीत 'फाइल सिस्टिम चेक' असे शब्द असतील, तर डिस्क सापडली आहे आणि तिची तपासणी चालू आहे. लाइट अचानक गेल्यावर हे होतं. मोठ्या डिस्कला बराच वेळ लागतो. कंटाळून बटण दाबून मशीन बंद करू नका, त्याने काम आणखी बिघडतं.

९० सेकंदांनंतर काय होतं, तेही पाहा. थांबून थांबून शेवटी नेहमीसारखा डेस्कटॉप आला, तर गैरहजर वस्तू बहुधा स्वॅप विभाग (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) असते. दुसरी एखादी लिनक्स टाकताना तो फॉरमॅट झालेला असतो आणि त्याचा क्रमांक बदललेला असतो. स्वॅपशिवाय मशीन चालू शकतं, म्हणून ते पुढे जातं. ९० सेकंदांनंतर 'इमर्जन्सी मोड' असं लिहिलेली काळी स्क्रीन आली, तर गैरहजर असलेला विभाग बहुधा डेटाचा आहे आणि तो 'हवाच' असं नोंदलेलं आहे.

याहून वेगळी तिसरी अवस्था असते. फार लवकर, जवळजवळ सुरुवातीलाच 'इनिटरॅमएफएस' असा शब्द येतो आणि मशीन तिथेच थांबतं. म्हणजे बहुधा ज्या डिस्कवर लिनक्सच आहे तीच सापडलेली नसते. पुढे दिलेले उपाय तिथे लागू पडत नाहीत. मशीन बंद करा, वायर काढा, कॅबिनेट उघडून डिस्कची साटा केबल आणि पॉवरची केबल घट्ट बसवा आणि बायोसमध्ये डिस्क दिसते का ते पाहा. तिथेही दिसत नसेल, तर प्रश्न केबलचा किंवा डिस्कचा आहे. सेटिंग बदलून तो सुटणार नाही.

प्रत्येक डिस्कबद्दल एकच प्रश्न विचारा

ही डिस्क नसताना कॉम्प्युटर चालू होऊन काही उपयोग आहे का?

पंगतीत एक पाहुणा यायचा राहिला म्हणून सगळ्यांची पानं थांबवायची का, हे तो पाहुणा कोण यावर ठरतं. डिस्कचंही तसंच आहे.

- लिनक्स असलेला मूळ विभाग, होम विभाग आणि बूटचे विभाग: यांच्यासाठी थांबायलाच हवं. यांच्या नोंदींना हात लावू नका. होम विभाग ऐच्छिक केला आणि तो आला नाही, तर लॉग-इनच होत नाही किंवा रिकामा डेस्कटॉप समोर येतो. माणूस घाबरून नको ते करून बसतो.
- बॅकअपची यूएसबी डिस्क, जुन्या फोटोंची दुसरी डिस्क, विंडोजचा डी ड्राइव्ह: यांच्यासाठी मशीन अडवून ठेवण्यात अर्थ नाही.
- ऑफिसच्या नेटवर्कवरची सामायिक डिस्क: चालू होताना जोडूच नका, लागेल तेव्हा जोडा. याबद्दल पुढे येईलच.
- हिशेबाचा किंवा गिऱ्हाइकांच्या कामाचा चालू डेटा असलेली दुसरी डिस्क: इथे घाई नको. ही डिस्क नसताना मशीन मुकाट्याने चालू झालं, तर नुकसान होऊ शकतं. माझ्या मते अशा ठिकाणी मशीन अडलेलं बरं.

नोंद कशी बदलायची

कुठली डिस्क कुठे जोडायची याची यादी 'ईटीसी' फोल्डरमधल्या एफएसटॅब (एफ-एस-टी-ए-बी) या फाइलमध्ये असते. प्रत्येक डिस्कची एक ओळ आणि ओळीत सहा रकाने: ओळख, जोडायची जागा, फाइल सिस्टिमचा प्रकार, पर्याय आणि शेवटी दोन आकडे.

आज्ञांची धास्ती असेल, तर मिंट आणि उबंटूमध्ये 'डिस्क्स' नावाचं अ‍ॅप आहे. विभाग निवडा, दातेरी चाकावर टिचकी मारा आणि 'एडिट माउंट ऑप्शन्स' उघडा. 'यूजर सेशन डिफॉल्ट्स' बंद केलं की पर्यायांची ओळ दिसते. या अ‍ॅपने स्वतः घातलेल्या पर्यायांत 'नोफेल' ('डिस्क नसली तरी अडू नकोस' असं मशीनला सांगणारा पर्याय) आधीच असतो, म्हणून नवख्या माणसाने डिस्क इथूनच जोडावी. गोंधळ होतो तो इंटरनेटवरून ओळ उचलून फाइलमध्ये तशीच डकवल्यामुळे.

हाताने करायचं असेल, तर हा क्रम पाळा:

1. फाइलची प्रत आधी काढून ठेवा. ही पायरी गाळू नका.
2. टर्मिनलमध्ये एलएसबीएलके (एल-एस-बी-एल-के), मग स्पेस, मग उणे चिन्ह आणि एफ असं टाइप करा. प्रत्येक विभागाचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, दिसेल. फाइलमधला क्रमांक आणि हा क्रमांक जुळतो का, ते पाहा. न जुळणारी ओळ हीच बहुधा गुन्हेगार असते.
3. ओळीत 'एसडीए१', 'एसडीबी१' अशी नावं असतील, तर ती काढून तिथे यूयूआयडी घाला (फाइलमध्ये 'यूयूआयडी' हा शब्द रोमन मोठ्या अक्षरांत लागतो). एक पेनड्राइव्ह जास्त लागला किंवा केबलची जागा बदलली, तरी 'बी'ची 'सी' होऊ शकते. यूयूआयडी फॉरमॅट करेपर्यंत बदलत नाही.
4. डिस्क ऐच्छिक असेल, तर तिच्या ओळीच्या चौथ्या रकान्यात 'डिफॉल्ट्स' नंतर स्वल्पविराम देऊन नोफेल (एन-ओ-एफ-ए-आय-एल) लिहा. स्वल्पविरामानंतर स्पेस सोडू नका. स्पेस पडली की तो पाचवा रकाना समजला जातो आणि ओळ फसते.
5. फाइल सेव्ह करून फाइंडएमएनटी (एफ-आय-एन-डी-एम-एन-टी) या आज्ञेला दोन उणे चिन्हं आणि 'व्हेरिफाय' जोडून चालवा. फाइलमधल्या चुका ती दाखवते.
6. मग 'सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड' आणि त्यानंतर 'माउंट उणे ए' या दोन आज्ञा सुडोसह (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) द्या. दोन्हींवर तक्रार आली नाही, तरच मशीन पुन्हा चालू करा.

स्वॅपची ओळ चुकीची असेल, तर योग्य यूयूआयडी घाला किंवा ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह देऊन ती बंद करा.

वेळ वाढवायची की कमी करायची?

'एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट' असा एक पर्याय आहे. त्यापुढे बरोबरचं चिन्ह देऊन सेकंद लिहिता येतात. बरेच जण मशीन अडलं की ही वेळ वाढवतात. गैरहजर डिस्क तीन मिनिटं थांबल्याने हजर होत नाही. वेळ वाढवण्याला अर्थ तेव्हाच, जेव्हा डिस्क खरोखर हळू जागी होते: जुनी मोठी यूएसबी डिस्क, किंवा अनेक डिस्कची रेड पेटी. अशा वेळी ती डिस्क हवीच असेल, तर १८० सेकंद द्या. एरवी साध्या ऐच्छिक डिस्कला १० ते १५ सेकंद पुष्कळ झाले.

एक सापळा मात्र ठाऊक असू द्या. 'मुळीच थांबू नकोस' या अर्थाने काही जण इथे शून्य लिहितात. सिस्टिमडी शून्याचा अर्थ 'मर्यादा नाही' असा घेते. मग मशीन दीड मिनिट नव्हे, दिवसभर थांबेल.

नोफेलचा धोका

वर सांगितलेलं 'नोफेल' हे सगळ्यांत उपयोगी औषध आहे, आणि नीट न समजता घेतलं तर सगळ्यांत घातकही. या भागासाठी थोडा जास्त वेळ काढा.

समजा, बॅकअपची डिस्क 'एमएनटी' फोल्डरमधल्या 'बॅकअप' या जागी जोडलेली आहे. एके दिवशी ती लागली नाही. नोफेलमुळे मशीन आनंदाने चालू झालं. पण 'बॅकअप' हे फोल्डर तर तिथे आहेच, फक्त ते आता रिकामं आहे आणि मूळ डिस्कवरचं आहे. रात्री आपोआप चालणारा बॅकअप त्या रिकाम्या फोल्डरमध्ये सगळं लिहून टाकतो. दोन गोष्टी होतात. मूळ डिस्क भरत जाते आणि एक दिवस मशीनच अडतं. त्याहून वाईट म्हणजे तुम्हाला वाटतं बॅकअप होतोय, पण तो त्याच डिस्कवर होत असतो, जिच्यासाठी तो घ्यायचा आहे. पुढे खरी डिस्क जोडली की या चुकून लिहिलेल्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात. जागा तर गेलेली असते, पण फाइली कुठेच दिसत नाहीत. मग "व्हायरस आला" म्हणून शोधाशोध सुरू होते.

हे टाळायचे तीन मार्ग आहेत, तिन्ही करता आले तर उत्तम:

- डिस्क न जोडलेली असताना ते रिकामं फोल्डर कुलूपबंद करा. 'सीएचएटीटीआर' या आज्ञेला अधिक चिन्ह आणि आय जोडून फोल्डरचं नाव दिलं, की त्यात कोणालाच काही लिहिता येत नाही. हे ईएक्सटी४ वर चालतं. डिस्क जोडल्यावर तिच्यावर याचा काही परिणाम होत नाही.
- बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पहिल्या ओळीला 'माउंटपॉइंट उणे क्यू' आणि फोल्डरचं नाव देऊन तपासा. डिस्क जोडलेली नसेल, तर स्क्रिप्ट तिथेच थांबली पाहिजे आणि तसा संदेश दिसला पाहिजे.
- एखादी सेवा त्या डिस्कवर अवलंबून असेल (ऑफिसातल्या इतरांना फोल्डर वाटून देणारी सांबा, किंवा डेटाबेस), तर त्या सेवेच्या सेटिंगमध्ये 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' ही ओळ घालून घ्या (आर, एम आणि एफ ही अक्षरं मोठी). नोफेल असताना डिस्क सेवेच्या नंतरही जोडली जाऊ शकते. या ओळीमुळे सेवा डिस्क जोडली जाईपर्यंत थांबते. हे काम जाणकाराकडून करून घ्या, पण ते करायचं आहे हे त्याला तुम्ही सांगा.

नेटवर्कवरची डिस्क आणि आपली लाइट

लाइट जाते, येते. ती आली की कॉम्प्युटर, राउटर आणि नॅसची (नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कची) पेटी एकदमच चालू होतात. साधा कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात तयार होतो, नॅसला काही मिनिटं लागतात. साहजिकच कॉम्प्युटर जिला शोधतो, ती डिस्क अजून जागीच झालेली नसते. उन्हाळ्यात हा प्रकार जास्त होतो आणि दोष नेमका लिनक्सला दिला जातो.

अशा डिस्कच्या ओळीत 'नोफेल'बरोबर 'अंडरस्कोअर नेटडेव्ह' (अंडरस्कोअर हे चिन्ह टाइप करायचं) आणि 'एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट' हे दोन पर्याय घाला. ऑटोमाउंटमुळे चालू होताना कोणी वाट पाहत नाही. तुम्ही फोल्डर पहिल्यांदा उघडता, तेव्हा डिस्क जोडली जाते. तेव्हा नॅस बंद असेल, तर फोल्डर उघडताना थोडं अडेल, मशीन अडणार नाही.

वायफायवर असाल तर आणखी एक तपासा. वायफायचा पासवर्ड फक्त तुमच्या खात्यापुरता साठवलेला असेल, तर लॉग-इन होईपर्यंत नेटवर्कच नसतं. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ते जोडणं सगळ्या यूजरसाठी खुलं करा. आणि पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील, तर आधी यूपीएस नॅसला आणि राउटरला लावा.

विंडोजसोबत राहणाऱ्यांसाठी

एकाच मशीनवर दोन्ही असतील आणि डी ड्राइव्हवर मशीन अडत असेल, तर कारण बहुधा विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' असतं. त्यात विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं आणि ड्राइव्ह अडवून ठेवतं. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा, एकदा चेकडिस्क चालवा, आणि लिनक्समध्ये त्या ओळीला नोफेल लावा. लिनक्समधून जबरदस्तीने जोडण्याच्या युक्त्या करू नका.

मशीन चालूच होत नसेल तर

इमर्जन्सी मोडमध्ये रूटचा पासवर्ड मागितला जाऊ शकतो. तो ठेवलेलाच नसेल, तर माणूस तिथेच अडकू शकतो. सोपा मार्ग: ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकलं, त्यावरून मशीन चालू करा (इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं चालवायचं), फाइल मॅनेजरमधून आतली डिस्क उघडा आणि तिच्यावरच्या ईटीसी फोल्डरमधली एफएसटॅब फाइल सुडोने दुरुस्त करा. पेनड्राइव्हवर चालणाऱ्या लिनक्सचंही स्वतःचं ईटीसी फोल्डर असतं. पुष्कळ जण तेच दुरुस्त करतात आणि काहीच बदललं नाही म्हणून हैराण होतात. शंका असेल तेव्हा गैरहजर डिस्कच्या ओळीपुढे हॅश द्या. मशीन चालू होईल, बाकीचं सावकाश पाहता येईल.

डिस्क खरंच आजारी असेल तर

'डिस्क्स' अ‍ॅपच्या मेनूत स्मार्ट चाचणी असते. 'रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर' किंवा 'करंट पेंडिंग सेक्टर' हे आकडे शून्यापेक्षा जास्त असतील आणि वाढत असतील, किंवा डिस्क टिकटिक आवाज करत असेल, तर पुन्हा पुन्हा मशीन चालू करून पाहू नका आणि दुरुस्तीची फाइल सिस्टिम चाचणीही चालवू नका. आधी प्रत काढा. डेटा महत्त्वाचा असेल, तर ती डिस्क स्वतः हाताळण्यापेक्षा डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे द्या.

गिऱ्हाईक म्हणून तुमचे हक्क

- नवी म्हणून घेतलेली डिस्क त्याच दिवशी स्मार्ट चाचणीत पाहा. 'पॉवर ऑन अवर्स' काही हजार तास दाखवत असेल, तर ती वापरलेली आहे. बदलून मागा.
- डिस्कवरचा सीरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर घालून वॉरंटीची तारीख तपासा आणि तो नंबर बिलावर लिहून घ्या.
- वॉरंटी डिस्कची असते, आतल्या डेटाची नसते. बदलून मिळताना जुनी डिस्क कंपनीकडे जाते, तीही तुमच्या फाइलींसकट. गिऱ्हाइकांची कागदपत्रं ठेवणाऱ्यांनी म्हणून डिस्क सुरुवातीपासूनच एन्क्रिप्ट करावी.
- मशीन दुरुस्तीला देताना पावतीवर काम लिहून घ्या: "चालू होताना अडते, डेटा पुसू नये." नुसतं "फॉरमॅट" असं लिहिलेल्या पावतीवर सही करू नका. या दोषाला फॉरमॅटची गरज क्वचितच पडते.
- दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानेही सुटलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. डिस्क ऑनलाइन मागवली असेल आणि विक्रेता परराज्यातला असेल, तरी तक्रार सोलापुरात चालते. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते आणि मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही.

तक्रारीला पुरावा लागतो तो बिलाचा. "बिल नको, दोनशे कमी करतो" असं कोणी म्हणालं, तर ते दोनशे देऊन टाका आणि बिल घ्या.